पान उघडायला इतका वेळ का लागतो?

25 मे 2018 रोजी युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा कायदा, म्हणजे जीडीपीआर, अमलात आला. त्या दिवसांत ‘यूएसए टुडे’ या अमेरिकी वृत्तपत्राने युरोपातल्या वाचकांसाठी आपल्या संकेतस्थळाची वेगळी आवृत्ती सुरू केली. बातम्या होत्या, पण जाहिराती आणि वाचकाचा माग काढणाऱ्या स्क्रिप्ट काढून टाकलेल्या होत्या. एका प्रोग्रॅमरने दोन्ही आवृत्त्या मोजून पाहिल्या. नेहमीचे पान पूर्ण उघडायला 45 सेकंद लागत होते, युरोपातल्या पानाला 3 सेकंद. नेहमीच्या पानाबरोबर 124 जावास्क्रिप्ट फायली उतरत होत्या, दुसऱ्याबरोबर एकही नाही. सर्व्हरकडे जाणाऱ्या मागण्या पाचशेच्या वर होत्या, त्या 34 वर आल्या. पानाचे वजन 5.2 एमबीवरून सुमारे अर्ध्या एमबीवर आले.

हा प्रयोग कोणी ठरवून केलेला नव्हता. कायद्याच्या धाकाने एका वृत्तपत्राला जे ओझे उतरवावे लागले, त्याचे वजन त्या निमित्ताने सगळ्यांना दिसले. मधल्या बेचाळीस सेकंदांत वाचकाचाच फोन, त्याचीच बॅटरी आणि त्याच्याच पैशाचा डेटा वापरून त्याला जाहिराती दाखवण्याचे आणि त्याच्याविषयी माहिती गोळा करण्याचे काम चालत होते.

ही पुस्तिका त्या आकड्यांतून निघणाऱ्या एका म्हणण्यावर उभी आहे. ब्राउझर स्लो होणे आणि ब्राउझरमधून आपल्यावर पाळत राहणे या दोन तक्रारी बऱ्याच अंशी एकच आहेत. आपण मात्र त्या वेगवेगळ्या ठिकाणी नेतो. ‘पीसी हँग होतोय’ म्हणून लोक दुरुस्तीच्या दुकानात जातात आणि तिथे बहुधा ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर मिळते. पाळतीची चर्चा परिसंवादांत आणि अग्रलेखांत होते. ज्याला सातबारा काढायचा आहे किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेच्या आत भरायचा आहे, त्याला गोपनीयता हा आपला विषय वाटत नाही. माझ्या मते तो सर्वांत आधी त्याचाच विषय आहे. महागडा फोन आणि घरात फायबरची जोडणी असलेल्या माणसाला हा भार जाणवतही नाही. तीन-चार जीबी रॅमचा फोन आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक यांवर भागवणाऱ्याला तो प्रत्येक पानावर सोसावा लागतो.

तरीही सगळ्या संथपणाचे खापर पाळतीवर फोडता येणार नाही. पहिल्या भागातली प्रकरणे म्हणूनच निदानाची आहेत. दोष नेटचा आहे, यंत्राचा आहे, ब्राउझरचा आहे की त्या एका संकेतस्थळाचा, हे आधी वेगळे करावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या चाचण्या अगदी साध्या आहेत. तेच पान त्याच वायफायवर दुसऱ्या फोनवर उघडून पाहावे. तिथेही ते रखडत असेल तर ब्राउझरला हात लावण्याचे कारण नाही. तिथे ते झटकन उघडले, तर आपल्या संगणकावर खाजगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोत, उघडून पाहावे. या खिडकीत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात आणि जुन्या कुकी वापरल्या जात नाहीत. तिथे पान पळाले, तर दोष बहुधा या दोहोंपैकी एकात आहे, हे अर्ध्या मिनिटात कळते. विंडोजवर क्रोम किंवा एज वापरणाऱ्यांनी शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कोणता टॅब किंवा कोणते एक्स्टेन्शन किती मेमरी आणि किती प्रोसेसर खात आहे, ते तिथे ओळीने दिसते. इतकी उपयोगी खिडकी इतक्या थोड्या लोकांना माहीत असावी याची मला खंत वाटते.

मेमरीच्या बाबतीत ब्राउझरला थोडा न्यायही द्यायला हवा. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर नावाची त्रुटी उघड झाली. आधुनिक प्रोसेसरच्या रचनेतच असलेल्या या दोषामुळे एका संकेतस्थळाला दुसऱ्याची मेमरी वाचता येण्याची शक्यता होती. त्यावर तोडगा म्हणून त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत चालवायला सुरुवात केली. तुमच्या बँकेचे पान आणि शेजारच्या टॅबमधले खेळाचे पान आता एकमेकांच्या मेमरीत राहत नाहीत. त्यासाठी मेमरीचा वापर 10 ते 13 टक्क्यांनी वाढेल, असे गूगलने तेव्हाच सांगितले होते. ही वाढ सुरक्षिततेची किंमत आहे आणि ती मोजावी, असेच मी म्हणेन. ज्या ‘रॅम क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ ॲपच्या जाहिराती फोनवर सतत येतात, ती ॲप चालू प्रक्रिया मारून टाकतात. मग ब्राउझरला सगळे पुन्हा उभे करावे लागते आणि फोन आधीपेक्षा जास्त दमतो.

‘कॅशे क्लिअर कर’ हा सल्लाही असाच सवयीने दिला जातो. कॅशे म्हणजे एकदा उतरवलेली चित्रे आणि फायली जवळ ठेवण्याची सोय. ती पान लवकर उघडावे म्हणूनच असते. रोज ती पुसणारा माणूस रोज तीच चित्रे नव्याने उतरवतो आणि पॅक लवकर संपल्याची तक्रार करतो. पान अर्धवट दिसत असेल, जुनाच मजकूर येत असेल, फोनमधली जागा भरत आली असेल, तर कॅशे जरूर पुसावी. एरवी तिला हात लावू नये.

आता एक्स्टेन्शनविषयी. या पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण त्यांचे आहे, आणि त्याला कारण आहे. खूप टॅब उघडे ठेवणाऱ्यांसाठी ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे एक्स्टेन्शन होते. न वापरलेले टॅब ते झोपवून ठेवी आणि मेमरी मोकळी करी. संगणक हलका व्हावा म्हणून वीस लाखांहून अधिक लोकांनी ते घेतले होते, आणि ते खरोखर चांगले होते. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते एका अज्ञात पक्षाला सुपूर्द केले. नव्या मालकाने त्यात बाहेरून कोड आणून चालवण्याची सोय घुसवली. फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले. ज्या लोकांनी ते बसवले होते त्यांनी कोणतीही चुकीची गोष्ट केलेली नव्हती. विश्वासार्ह असलेली वस्तू त्यांच्या नकळत दुसऱ्याच्या हाती गेली होती. एक्स्टेन्शन बसवताना आपण जी परवानगी देतो, ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा शब्दांची, ती मालक बदलला तरी तशीच राहते.

रक्षण करण्याच्या नावाने माहिती विकल्याचेही दाखले आहेत. अव्हास्ट ही अँटिव्हायरसची प्रसिद्ध कंपनी. तिची ब्राउझर एक्स्टेन्शन आणि अँटिव्हायरस लोकांनी कोणत्या पानांना भेट दिली याची माहिती गोळा करीत, आणि जम्पशॉट या तिच्या उपकंपनीमार्फत ती विकली जाई. 2020 च्या जानेवारीत पत्रकारांनी हे उघड केल्यावर जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. ट्रॅकिंगपासून वाचवतो असे सांगूनच हे उत्पादन विकले होते, हा आयोगाचा मुख्य आक्षेप होता.

आपल्याकडचे उदाहरण यूसी ब्राउझरचे. टूजीच्या काळात, स्वस्त फोनवर, पाने आकसून पटकन उघडणारा ब्राउझर म्हणून तो घराघरांत पोचला होता. 2015 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने त्याची तपासणी केली, तेव्हा वापरणाऱ्याचा ठावठिकाणा, फोनची ओळख आणि शोधशब्द अशी माहिती पुरेशा संरक्षणाविना बाहेर जात असल्याचे आढळले. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने ज्या 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत तो होता. वेगाच्या बदल्यात काय दिले जात होते, हे त्या पाच वर्षांत त्याच्या किती मराठी वापरकर्त्यांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचले? फारच थोड्या. हे पुस्तक मराठीत लिहिण्याचे ते एक मोठे कारण आहे.

दुसरा भाग पाळतीचा, आणि त्याची सुरुवात कुकीपासून होते. 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण अभियंत्याने कुकी तयार केली. वेबला स्मरण नव्हते. पहिल्या पानावर खरेदीच्या यादीत टाकलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेले की संकेतस्थळ विसरून जाई. त्यावर उपाय म्हणून संकेतस्थळाने वाचकाच्याच संगणकावर एक छोटी नोंद ठेवावी आणि पुढच्या भेटीत ती वाचावी, अशी योजना होती. एका संकेतस्थळाची नोंद दुसऱ्याला वाचता येऊ नये, ही काळजी त्यात मुळापासून घेतलेली होती. पण एकाच पानावर दहा वेगवेगळ्या ठिकाणांहून तुकडे येऊ शकतात. जाहिरात कंपनीचा एखादा तुकडा हजारो संकेतस्थळांवर असेल, तर ती कंपनी प्रत्येक ठिकाणी आपलीच नोंद वाचते आणि तुम्ही कुठून कुठे गेलात ते जोडत जाते. ही फट लवकरच लक्षात आली होती. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारी 1997 च्या दस्तऐवजात, अशा परक्या कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नयेत, असे लिहून ठेवले होते. त्या वेळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मानले नाही.

या इतिहासात हा क्षण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इलाज कागदावर तयार होता आणि त्याला तंत्रज्ञानाची काही अडचण नव्हती. तो नाकारला गेला तो जाहिरातीच्या धंद्यासाठी, आणि त्या नकारावर पुढची सगळी इमारत चढली. 2007 मध्ये गूगलने डबलक्लिक ही जाहिरात कंपनी 3.1 अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. 2010 मध्ये फेसबुकचे ‘लाइक’ बटण इतरांच्या संकेतस्थळांवर गेले. ते न दाबताही, नुसते पानावर असल्याने, फेसबुकला भेटीची खबर मिळू लागली. आज बातमीचे पान उघडताच त्यावरची जाहिरातीची जागा लिलावाला निघते. तुमचा फोन कोणता, तुम्ही साधारण कुठे आहात, कोणते पान पाहता आहात ही माहिती अनेक कंपन्यांकडे जाते, बोली लागते, आणि हे सारे सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात उरकते. बोली हरणाऱ्यांनाही ती माहिती मिळालेली असते. छापील वर्तमानपत्राच्या कोणत्या पानापाशी आपण किती वेळ थांबलो हे पेपर टाकणाऱ्या मुलाला कधी कळत नसे. आता ते कळणाऱ्यांची नावेही वाचकाला माहीत नसतात.

कुकी पुसता येतात. ब्राउझरचा ठसा पुसता येत नाही, म्हणून त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पडद्याचे माप, फोनचे मॉडेल, टाइम झोन, भाषा, फॉन्ट, ग्राफिक्स काढण्याची बारीक तऱ्हा, यांतली एकेक गोष्ट हजारो लोकांत सारखी असते. सगळ्या मिळून मात्र त्या एकाच यंत्राकडे बोट दाखवतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2010 मध्ये पॅनोप्टिक्लिक या प्रयोगात सुमारे 4 लाख 70 हजार ब्राउझर तपासले, त्यांपैकी 83.6 टक्के ब्राउझरांचा ठसा इतर कोणाशीही जुळला नाही. हा प्रयोग आता ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या नावाने चालतो आणि कोणालाही आपला ब्राउझर तपासून पाहता येतो.

मराठी माणसाला यात एक जादा धोका आहे. ब्राउझरची भाषा मराठी ठेवली की ती निवड प्रत्येक संकेतस्थळाला कळवली जाते. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून मराठी ब्राउझर वापरणारा माणूस गर्दीत चटकन वेगळा दिसतो. छपाई आणि डीटीपीच्या व्यवसायातल्या लोकांच्या संगणकावर श्रीलिपीसारखे फॉन्टचे संच असतात. अक्षरांची रुंदी मोजून एखादा फॉन्ट यंत्रावर आहे की नाही हे संकेतस्थळाला ताडता येते, त्यामुळे असे दुर्मीळ फॉन्ट ठसा अधिक ठळक करतात. सफारी आणि फायरफॉक्स यांनी संकेतस्थळांना दिसणाऱ्या फॉन्टवर मर्यादा आणल्या आहेत. यावर भाषा इंग्रजी करून ठेवा, असे मी कधीही सांगणार नाही. आपल्या भाषेत वावरण्याची शिक्षा वापरणाऱ्याला होऊ नये, ही जबाबदारी ब्राउझर बनवणाऱ्यांची आहे.

तिसऱ्या भागात उपाय आहेत, आणि तिथे काही लाडक्या समजुतींना धक्का बसेल. खाजगी खिडकी त्याच संगणकावर बसणाऱ्या पुढच्या माणसापासून तुमचा इतिहास लपवते. संकेतस्थळापासून, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपासून किंवा ऑफिसच्या नेटवर्कपासून ती तुमची भेट लपवत नाही. या गैरसमजावरून 2020 मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला भरला गेला. 2024 च्या तडजोडीत इन्कॉग्निटोतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले आणि त्या खिडकीवरचा मजकूरही अधिक स्पष्ट झाला. व्हीपीएन तुमचा इंटरनेटवरचा पत्ता बदलतो, पण कुकी आणि ठसा तसेच राहतात. शिवाय आपल्या देशात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवणे बंधनकारक झाले, आणि काही परदेशी कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर त्यावरून बंद केले. फुकट व्हीपीएन चालवणारा खर्च कशातून भागवतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय तो बसवू नये.

ब्राउझरच्या निवडीत मी तटस्थ राहिलेलो नाही. सफारीने मार्च 2020 पासून परक्या कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमने जानेवारी 2020 मध्ये दोन वर्षांत परक्या कुकी काढण्याचे जाहीर केले, मुदत पुन्हा पुन्हा लांबवली, आणि जुलै 2024 मध्ये तो बेत सोडून दिला. जो ब्राउझर जगात सर्वाधिक वापरला जातो, तो जगातल्या सर्वांत मोठ्या जाहिरात कंपनीचा आहे, हे यामागचे कारण मी आडपडदा न ठेवता मांडले आहे. रेमंड हिल यांनी लिहिलेले यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारे एक्स्टेन्शन फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि त्यासाठी हिल देणग्याही घेत नाहीत. क्रोमच्या नव्या नियमांमुळे त्याची पूर्ण आवृत्ती तिथे चालेनाशी झाली, आता ‘लाइट’ उपलब्ध आहे. फायरफॉक्सवर ते पूर्ण चालते, अँड्रॉइड फोनवरही. ज्या वाचकाला या पुस्तिकेतला एकच उपाय करायचा असेल त्याने हा करावा. वेग आणि गोपनीयता दोन्हींचा फायदा एकाच वेळी दिसेल.

जाहिराती अडवल्या तर मराठी वृत्तपत्रे आणि नियतकालिके कशावर चालतील, हा प्रश्न मी टाळणार नाही. तो खरा आहे आणि त्याचे सोपे उत्तर नाही. छापील अंकात आपण आयुष्यभर जाहिराती पाहिल्या. त्या पानाच्या विषयाकडे आणि गावाकडे पाहून दिल्या जात. तशा जाहिराती वेबवरही देता येतात आणि त्यांना वाचकाच्या मागे फिरण्याची गरज नसते. जे संकेतस्थळ अशी जाहिरात देईल त्याला ब्लॉकरमधून खुशाल सूट द्यावी, आणि ज्या नियतकालिकावर आपला जीव आहे त्याची वर्गणी भरावी. वाचकाची माहिती विकून पत्रकारिता जगवण्याचा मार्ग मात्र मला मान्य नाही.

कायद्याचे प्रकरण मुद्दाम लहान ठेवले आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट 2023 मध्ये, व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या पार पाडण्यासाठी कंपन्यांना अठरा महिने देण्यात आले. त्यातल्या दोन तरतुदी प्रत्येक मराठी पालकाला ठाऊक असायला हव्यात. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यावर त्यात मनाई आहे. आणि संमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. ही दुसरी तरतूद मागणी आली तरच कागदावरून खाली उतरेल. बँक, विमा कंपनी, शाळेचे ॲप, जिथे जिथे ‘आय ॲग्री’ दाबायला सांगतात तिथे ती सूचना मराठीत मागा, लेखी मागा.

प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याचा ब्राउझर आत्ता अडकलाय त्याने पहिल्या भागाकडे जावे, ज्याच्या फोनवर दिवसभर नको त्या नोटिफिकेशन येतात त्याने थेट ‘अलाउ’ बटणाच्या प्रकरणाकडे. मेनूंची नावे नव्या आवृत्त्यांबरोबर बदलत राहतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी ते सेटिंग काय करते हे आधी सांगितले आहे आणि कुठे सापडते हे नंतर.

पुढचे पान उलटण्याआधी मात्र ब्राउझरमधली एक्स्टेन्शनची यादी उघडा. जे कधी आणि कशासाठी बसवले ते आठवत नाही, ते आत्ताच काढून टाका. आणि घरातल्या ज्या माणसाला ही यादी कुठे असते ते ठाऊक नाही, त्याच्या शेजारी बसून त्याचीही साफ करून द्या.